टायरांचा कौल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या गावच्या देवाने मला एक कौल दिला आणि तो मी बायकोला उलटा सांगितला. देवाचं नाव घेऊन खोटं बोललो. तेही जमीनजुमला, सोयरीक, आजारपण अशा एखाद्या भारदस्त विषयात नाही. टायरांच्या बाबतीत.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की ते जे काही बोलतात ते तरी खरं असतं. माझ्या बायकोचाही आहे. ती दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे, म्हणजे दिवसभर शपथा घेऊन बोलणाऱ्या माणसांचं बोलणं टाइप करते. घरी येऊन सांगते, "आजचा साक्षीदार खोटारडा होता. खरं बोलणारा माणूस अडखळतो रे. हा सरळ बोलत होता." मी मान हलवतो. मी कौलाच्या दिवशी अजिबात अडखळलो नव्हतो.

आधी गाडीबद्दल सांगतो. पन्नाशी आली की आमच्या ओळखीतले लोक काहीतरी धरतात. कुणी गड चढतो, कुणी बासरीचा क्लास लावतो. मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, दोनच सीटची. मुलुंडच्या एका तरुणाची होती. त्याचं लग्न ठरलं, होणारी सासू गाडी बघायला खाली उतरली, "मी कुठे बसायचं?" एवढंच तिने विचारलं आणि गाडी विक्रीला निघाली. माझ्या सासूबाई बारा महिने गावीच असतात, त्यामुळे मला अडचण नव्हती.

हौसेची गाडी लोक रविवारी काढतात. मी रोज काढतो, कारण दुसरी गाडी नाही. सकाळी बोरिवलीहून निघायचं, हायवेने दिंडोशीला येऊन बायकोला कोर्टाशी सोडायचं आणि पुढे पवईला माझ्या ऑफिसात जायचं. तिथे मी इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचे करार बघतो. ज्या गाडीने वाऱ्याशी शर्यत लावायची, ती दुसऱ्या गिअरमध्ये सिमेंटच्या मिक्सरमागे सरपटत असते. शर्यतीचा बैल घाण्याला जुंपावा तसं. शेजारच्या रिक्षातले प्रवासी वाकून खाली आमच्या मांडीवरचे डबे बघतात.

बायको नऊवारी नेसत नाही हे आमचं नशीब, पण कोर्टात साडीच असते. गाडीतून उतरणं हा एक कार्यक्रम आहे. आधी पर्स बाहेर, मग पाय, मग दाराची चौकट धरून "आई गं". गेटवरचे काळे कोटवाले तेवढा वेळ अशिलाकडे दुर्लक्ष करतात. एकदा हवालदाराने हात दिला. संध्याकाळी ती म्हणाली, "विहिरीत पडलेल्या बाईला काढतात तसं काढलं त्याने मला. पण सभ्य होता."

तर अशा या गाडीचे मागचे दोन टायर आतल्या कडेने झिजून धागे दिसायला लागले. पुढचेही फारसे बरे नव्हते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने बोट फिरवून सांगितलं, "साब, ये टायर नहीं है, याद है टायर की."

चारही बदलायचे ठरले आणि माझ्या आयुष्यातला एक अत्यंत सुखाचा महिना सुरू झाला. मी टायरांचे व्हिडिओ बघायला लागलो. एक गोरा माणूस ओल्या मैदानात गोल गोल गाडी फिरवतो आणि शेवटी टायरांना क्रमांक देतो. जेवताना, भाजी निवडताना, बायको दिवसभराची हकिकत सांगत असताना, मी तेच बघत होतो.

घाटकोपरला एक टायरवाला आहे. त्याच्याकडे माझ्या मापाचे दोन प्रकार निघाले. एक प्रवासी टायर, आवाज कमी, खड्डा लागला तरी गादीवर पडल्यासारखं. दुसरा स्पोर्ट्सचा, बाजू कडक, रस्त्याला चिकटून वळणारा. पण धक्का लागला की जसाच्या तसा वर पोचवणारा, शिवाय लवकर झिजणारा. पण काय नक्षी होती त्याच्यावर! बांगडा माशाच्या काट्यासारखी, मधल्या कण्यापासून दोन्हीकडे फाकलेली. मी त्या नक्षीवरून हात फिरवला आणि तिथेच कामातून गेलो.

"फरक काय?" मी विचारलं.

"साहेब, सरळ हिशेब आहे. याच्यावर मॅडम खूश, त्याच्यावर तुम्ही खूश."

"दोघं खूश होतील असा नाही का?"

"तसा टायर अजून निघाला नाही, साहेब. निघाला तर पहिला माझ्या घरी लावीन."

मॅडमची कंबर नाजूक होती. दिवसभर बसून बसून तिच्या मणक्याने कुरकुर सुरू केली होती आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं होतं. म्हणजे खरं तर विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तरीही महिनाभर विचार केला. ज्याला बरोबर उत्तर आवडत नाही, तो माणूस फार विचार करतो.

शेवटी एका सकाळी बायको वैतागली. "अरे, माझ्याशी लग्न करताना चार दिवसांत हो म्हणालास तू. टायरांना महिना? एक काम कर, देवाला कौल लाव आणि सोडव एकदाचं."

ती चेष्टेत म्हणाली. पण आमच्याकडे कौल हा शब्द चेष्टेत काढला की तो चेष्टेत राहत नाही. आम्ही तळकोकणातले. तिथे घर बांधायचं असो की रुसलेल्या भावाला बोलवायचं असो, देवळात जाऊन देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी वाळली म्हणून पडते असं म्हणणारा एक मामेभाऊ आमच्याकडे होता. त्याला जेवायच्या पंगतीत शेवटी वाढायचे.

आमच्या गावचा गुरव माझ्याच वयाचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून बरेच आंबे चोरले. अलीकडे त्याने मुंबईकरांची सोय म्हणून व्हिडिओ कॉलवर कौल लावायला सुरुवात केली होती. फोन समईशेजारी नारळाला टेकवून ठेवायचा, आणि देव दिसायचा. मी त्याला प्रश्न कळवला. तो जराही हसला नाही. बरं सुचलं तुला, अशा अर्थाने "येवजलेला बरा," म्हणाला. "प्रश्न सरळ ठेव. मऊ टायर घालू काय, एवढाच इचारूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल लागला. आम्ही दोघं आंघोळ करून डायनिंग टेबलाशी हात जोडून बसलो. गुरवाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आज ह्या तुजा लेकरू मुंबैत बोरिवलेक ऱ्हवता. तेणा एक बुटकी गाडी घेतल्यान हा."

"व्हय म्हाराजा."

"त्या गाडयेचे चारव टायर झिजले. वांगडा तेची बायल बसता, तिची कंबर दुखता."

"व्हय म्हाराजा," बायको जरा मोठ्याने म्हणाली.

"तर म्हाराजा, मऊ टायर घालून सगळा बरा होतला असात, तर उजवी दी. नाय तर डावी दी. आणि काय चुकला-माकला असात तर पदरात घी."

"व्हय म्हाराजा!"

मग वाट बघणं. पाकळ्या काही हलेनात. देवाला आमच्यासारखी ऑफिसची घाई नसते. बायकोने घड्याळ बघितलं, "तू बस, मी चटणी फिरवून घेते," म्हणाली आणि आत गेली. मिक्सर घर्रर सुरू झाला.

आणि उजवी पाकळी पडली. अगदी स्पष्ट. उजवी म्हणजे देवाची उजवी की आपली, असला काही घोळ नव्हता, कारण गुरव स्वतःच ओरडला, "उजवी! उजवी दिल्यान रे! घाल मऊ!"

माझा अंगठा आपोआप लाल बटणावर गेला. कॉल तुटला, तेवढ्यात मिक्सरही थांबला.

"काय दिलं रे?" आतून आवाज आला.

"डावी," मी म्हणालो.

बस. एवढंच. मागेपुढे काही नाही. मला त्या क्षणी बांगड्याचा काटा दिसत होता. कंबर दिसत नव्हती.

खरं तर मी आधीच ठरवून बसलो होतो. देवाला विचारणं ही निव्वळ सभ्यता होती, पंगतीत "अजून वाढू का" विचारतात तशी. देव "हो, वाढ" म्हणेल हे लक्षातच घेतलं नव्हतं.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं ती म्हणेल, अरे काहीतरीच काय. पण ती मोबाइलकडे बघून नमस्कार करत म्हणाली, "मग कडकच घे. त्याला काहीतरी दिसलं असेल."

टायर बसले. घाटकोपरवाल्याने मला आरशात बघावं तसं निरखून विचारलं, "मॅडमना विचारलंत ना?" मी म्हणालो, "वरपर्यंत विचारलंय." रविवारी बायकोने चारही टायरांना हळदकुंकू लावलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली. ती म्हणाली, "मागचं डावं लिंबू मला पाठीत कळलं."

त्यानंतर रोज सकाळी हायवेच्या पुलावरचा प्रत्येक सांधा आमच्या मणक्यांतून जाऊ लागला. टक. टक. टक. ती बोलायला लागली की तिची वाक्यं तुकड्या-तुकड्यांत यायची. "आज लव-कर ये सं-ध्याका-ळी." मी दर टकला एकदा मनात देवाची माफी मागायचो आणि वळणावर गाडी अशी काही चिकटून वळायची की माफी अर्धवट राहायची. तेवढ्यात मला एक पळवाटही सापडली होती. स्पोर्ट्स टायरचं रबर म्हणे प्रत्यक्षात मऊ असतं, कडक असते ती बाजू. म्हणजे देवाने सांगितलं तेच झालं की! ही पळवाट मी आठवडाभर वापरली. मग तिने पाठीला उशी घ्यायला सुरुवात केली आणि पळवाट बंद झाली.

तिने तक्रार केली असती तर मी सुटलो असतो. भांडली असती, "काढ हे मेले टायर" म्हणाली असती, तर मी त्याच दिवशी काढले असते. पण ती म्हणायची, "असू दे. देवाने सांगितलंय ना, मग बसेन मी." डॉक्टरांनी विचारलं, रोज कशाने जाता? तिने सांगितलं. ते म्हणाले, गाडी बदला. ती म्हणाली, "गाडी बदलता येईल डॉक्टर, पण टायर कौलाचे आहेत." डॉक्टर पुण्याचे होते. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या.

वर तिने प्रचार सुरू केला. एकदा दिंडोशीच्या अलीकडे मोठ्या खड्ड्यात पुढच्या गाडीचा टायर फुटला आणि आमचा वाचला. झालं. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटेल त्याला, "मऊ असते तर फुटलेच असते. देवाने आधीच सांगितलं होतं." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गुरवाचा नंबर घेतला आणि फ्रिज एक दाराचा की दोन दारांचा याचा कौल लावला. मग कुणी मुलीच्या क्लासचा लावला. सेक्रेटरीने तर गच्चीवर कुठल्या कंपनीचा वॉटरप्रूफिंगवाला आणायचा ते विचारलं. आमचा देव मुळात रानातला, वाघाबिघांशी बोलणारा. त्याला वॉटरप्रूफिंगची कोटेशनं वाचून दाखवली गेली. आणि हे सगळं माझ्या एका "डावी"वर उभं होतं.

पुढे गुरव भाचीच्या लग्नाला बोरिवलीत आला आणि अर्थातच आमच्याकडे आला. बेल वाजली तेव्हा मी दार उघडायला बायकोला पाठवलंच नाही. दारातच त्याचा हात धरला आणि म्हणालो, "चल, आधी गाडीतून फिरवून आणतो." दोनच सीट असण्याचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

"अरे, चहा तरी घेऊ दे त्याला!" बायको मागून ओरडली.

"आल्यावर!"

त्याला गोराईच्या जेट्टीकडे घेऊन निघालो. गुरव चांगला उंच. गुडघे छातीशी, पिशवी गुडघ्यांवर, असा बसला. सोसायटीच्या गेटवरचा पहिला बंप आला आणि तो डोकं धरून म्हणाला, "आयशीक!"

मी गिअर बदलला.

दुसरा बंप. मग पेव्हर ब्लॉकचा रस्ता. त्याने माझ्याकडे हळूच बघितलं. "हे मऊ टायर?"

इथे मी सांगायला हवं होतं. गाडीत आम्ही दोघंच होतो, समोर खाडी दिसत होती, माणूस लहानपणचा मित्र होता. मी म्हणालो, "हं."

"हे मऊ?" तो परत म्हणाला. "मगे कडक कसले असतत रे?"

"ते... याहून कडक."

तो पिशवी आवळून बसला. जेट्टीवर उतरल्यावर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, येणारी फेरीबोट बघत. मग म्हणाला, "देवाचा चुकणा नाय. माजाच हात चुकलो असतलो. पाकळी सुकी लागली काय? वयनीची कंबर आधीच दुखता, आणि मी 'घाल मऊ' म्हणान आरडलंय." त्याने खरोखर स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. मी त्याला नारळपाणी पाजलं. आयुष्यात इतकं निरुपयोगी नारळपाणी मी कुणाला पाजलेलं नाही.

परत येऊन चहा-पोहे. बायको समोर बसली आणि उत्साहाने म्हणाली, "कसे वाटले देवाचे टायर?"

गुरवाने तोंड उघडलं. मी त्याच्या बशीत पोहे टाकले. "खा रे."

तोंडातलं संपवून तो म्हणाला, "वयनी, माका वाटता..."

"लाडू घे. घरचे आहेत."

"अरे, बोलू दे की त्यांना! काय खायला घालत सुटलायस?"

"प्रवासातून आलाय तो."

लाडूनंतर चकली, चकलीनंतर केळं. माणूस कौल देणारा, त्याला मी सत्यनारायणाच्या ब्राह्मणासारखा जेवू घातला. शेवटी तो हात धुवायला उठला आणि जाताना तिला एवढंच म्हणाला, "देवाचा देवाक म्हायत, वयनी. तुमी कंबर सांभाळा." तिने त्याला वाकून नमस्कार केला. त्याने पाय मागे घेतले.

गावी गेल्यावर त्याने फोनवरचा कौल बंद केला. गावाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, फोनवर हात बरोबर लागत नाही, ज्यांना विचारायचं आहे त्यांनी देवळात यावं. आमच्या इमारतीत हळहळ झाली. पाचव्या मजल्यावरचं एसीचं ठरता ठरता राहिलं. मी नंतर ऐकलं की तो आता देवळातही कौल लावायला पुतण्याला पुढे करतो, स्वतः नुसता बाजूला बसतो. त्याच्या वडिलांनंतर त्याच देवापुढे त्याचाच हात चालत आला होता.

स्पोर्ट्सचे टायर झिजतातही झटपट. गेल्या महिन्यात मी वाकून बघितलं तर बांगड्याचा काटा पुसट झालेला. बायकोलाही दिसलं. ती म्हणाली, "आता फोनवर होत नाही ना, मग आपण जाऊनच विचारू. मी रजा टाकते. आपल्याच गाडीने जाऊ."

बोरिवली ते तळकोकण. त्या टायरांवर. तिची कंबर. आणि पलीकडे देवळात गुरव हात मांडीवर ठेवून बसलेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून घाटकोपरला गेलो आणि चारही मऊ टायर बसवून आणले. कुणाला न विचारता. नक्षी अगदीच बिचारी, बिस्किटासारखी. टायरवाला म्हणाला, "बघा, आलात ना शेवटी मॅडमवर."

सकाळी बायको गाडीत बसली. हायवे लागला, पूल आला. मी सांध्यांची वाट बघत होतो. काहीच नाही. नुसता वाऱ्याचा आवाज. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली, जणू पायाखालून रस्ता नाहीसा झाला होता.

"टायर बदललेस?"

"हो."

"मऊ?"

"हो."

"देवाने नको सांगितलं असताना?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. उतरायच्या आधी तिने पाठीमागची उशी काढून पायाशी ठेवली. मग तिने गाडीतच डोळे मिटून हात जोडले. कोर्टाच्या गेटवरचे वकील बघत होते.

"काय मागतेस?" मी विचारलं.

"माफी. तुझ्यासाठी. तू माझ्या कंबरेपायी देवाचं मोडलंस ना." तिचे डोळे भरलेले होते. "असा कसा रे तू? देवाला नारळ बोललेय मी. तू काही बोलू नकोस, सगळं मी निभावते." आणि पर्स बाहेर, मग पाय, मग चौकट. या वेळी "आई गं" आलं नाही.

वर्षभरात मी देवाचं ऐकलं ते पहिल्यांदाच, आणि त्याचीच माफी ती सोमवारचे उपास धरून मागते आहे. साबुदाण्याची खिचडी मला आणून देते आणि स्वतः फक्त चहावर राहते, कारण तिच्या मते पाप माझं असलं तरी कारण तिची कंबर आहे. मी ती खिचडी खातो.

पुढच्या आठवड्यात आम्ही गावी निघतो आहोत. तिची रजा मंजूर झाली आहे.

देव उजवी म्हणाला होता हे मी माझ्या बायकोला सांगायला हवं. आणि गुरवाचा हात चुकला नव्हता हे त्याला, त्याच देवळात, सगळ्यांसमोर सांगायला हवं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.